आधी तिनं ऐकायचं

सरांची शोकसभा कॉलेजच्या जुन्या हॉलमध्ये झाली. बोलणाऱ्या प्रत्येकानं एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगितली, की सरांनी आपल्या भागातल्या बायकांच्या ओव्या गोळा केल्या आणि पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवल्या. मलाही उठवलं. मी त्यांच्याबरोबर नोकरी केलेली, आणि त्यांच्या शेवटच्या उद्योगात माझा हात होता हे सगळ्यांना ठाऊक. इंग्रजीच्या बाईला शोभतील अशी दोन-तीन नेटकी वाक्यं बोलून मी खाली बसले. जे खरं सांगायचं होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

ईरा, नील, तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, म्हणजे ते पंखा बंद करणारे आजोबा का?" हो, तेच. पण तेवढ्यावर ते तुमच्या लक्षात राहावेत असं मला वाटत नाही, म्हणून हे लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण यात दोन ओव्या आहेत आणि त्यांचं इंग्रजी मला जमेना. पूर्वी बायका पहाटे उठून दगडाच्या जात्यावर पीठ दळायच्या आणि दळता दळता मनातलं गायच्या, त्या ओव्या. अडेल तिथं आईला विचारा.

पंख्याचं आधी सांगून टाकते. सोलापूरचा एप्रिल तुम्ही एकदा पाहिला आहे. अशा दिवसांतही सर घरात शिरले की चपला काढायच्या आणि बसायच्या आधी पंख्याचं बटण बंद करायचे. तरुणपणी ते खांद्याला ध्वनिमुद्रणाचं यंत्र अडकवून खेडोपाडी हिंडत. पंख्याची घरघर फितीवर उतरते, म्हणून बोलणाऱ्याच्या डोक्यावर पंखा नको, हा नियम तेव्हाचा. यंत्र गेलं, नियम राहिला. "माणूस बोलतंय आणि पंखाही बोलतोय, मी कुणाचं ऐकू?" असं ते विचारायचे. तुमचे आजोबा घामानं निथळत म्हणायचे, "सर, मी आज एक शब्द बोलणार नाही. पंखा तेवढा राहू द्या." सर त्यावर गंभीरपणे विचार करायचे आणि पंखा लावायचे. मग तासभर दोघंही खरोखरच गप्प बसायचे.

दुसरी सवय फोनची. मुद्रण सुरू करताना गाव, वेळ, हवा आणि मागे कसले आवाज आहेत ते आधी बोलून ठेवायची त्यांची शिस्त होती. ती त्यांनी साध्या बोलण्यातही सोडली नाही. मी फोन उचलला की पलीकडून यायचं, "सात रस्ता. दुपार. मागे रिक्षा आणि भांडण. मॅडम, शेंगाचटणी संपली आहे." हे ऐकून कामवाली हसत सुटायची. पण मला ते आवडायचं, कारण मलाही प्रत्येक कागदावर तारीख आणि समास लागतो.

"परत म्हणा" हे त्यांचं पालुपद होतं. वर्गात मुलांना, मीटिंगमध्ये प्राचार्यांना, कुणालाही. आमच्या गल्लीत भाजीवाला यायचा. त्याला थांबवून म्हणायचे, "तो शेपूचा हेल परत काढा. शेवट जरा लांबवा."

"घ्यायचं काय न्हाय, नुसतं ऐकायचं," भाजीवाला म्हणायचा. "सर, तुमच्यापायी माजी मेथी वाळली की."

पण हेल काढायचा. सर डोळे मिटून ऐकायचे आणि मग नको असलेली मेथी घ्यायचे.

ते एकटे राहत, दोन खोल्यांत. लग्न का केलं नाही असं विचारायची कुणाची टाप नव्हती. कॉटखाली बिस्किटांचे पत्र्याचे डबे आणि डब्यांत कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या ओव्यांच्या फिती, हा त्यांचा संसार. फिती होत्या, पण त्या वाजवायचं यंत्र नव्हतं. ते कॉलेजच्या मालकीचं होतं, विभाग बदलले तेव्हा कुठंतरी गेलं, बहुतेक भंगारात. त्याबद्दल सर कधी हळहळले नाहीत याचं मला नवल वाटायचं. आणखी एका गोष्टीचंही वाटायचं. स्टँडवर मंगळवेढ्याची पाटी लावलेली एसटी लागली की ते तोंड दुसरीकडे फिरवायचे. कॉलेजची सहल तिकडे निघाली तेव्हा त्यांना आदल्या दिवशी ताप आला. मी कपाळाला हात लावून पाहिला होता, ताप नव्हता.

यंत्र सापडलं ते मला. आम्ही दोघं निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. कॉलेजचं जुनं गोदाम रिकामं करत होते आणि इंग्रजीची पुस्तकं फेकायच्या आधी एकदा बघून जा म्हणून मला बोलावलं होतं. बॅडमिंटनच्या जाळ्यांखाली, फुटक्या पृथ्वीच्या गोलाशेजारी, कातडी मुठीची एक करडी पेटी दिसली. झाकण उघडलं तर आत फितीची दोन चाकं. नोकरीच्या पहिल्या वर्षी सरांच्या खांद्यावर मी ती पाहिली होती.

मी फोन केला. "पार्क चौक, सकाळ, मागे..." एवढं म्हणाले आणि मी काय सांगते आहे ते ऐकून थांबले.

"हात लावू नका," म्हणाले. "मी येतो."

रिक्षानं आले, धुळीतच मांडी घालून बसले आणि रुमालानं पेटी पुसू लागले. एक खटका दाबून पाहिला. काही फिरलं नाही. मी म्हटलं, "अभिनंदन, सर." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांची चोरी पकडली होती.

प्राचार्यांनी यंत्र देऊन टाकलं, त्यांना अडगळच कमी झाली. सरांनी ते थेट माझ्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं. "तुमचं टेबल स्वच्छ असतं," हे कारण. पुढे कित्येक दिवस आम्ही दोघं नवरा-बायको ओट्याशी उभ्यानं जेवलो.

मी सुचवलं, की पुण्यात अशा फिती संगणकावर उतरवून देणारे लोक आहेत, पाठवून देऊ या.

"आणि तिला काय नेऊन दाखवू? पेन ड्राइव्ह?"

"तिला म्हणजे कुणाला?"

सरांनी पंखा बंद केला. यावेळी तो स्वतः बोलण्यासाठी. मग त्यांनी सांगितलं.

प्रबंधासाठी ते भावावरच्या ओव्या जमवत होते. मंगळवेढ्याच्या बाजूला एका गावी, वीज नसलेल्या घरात, एक नुकती लग्न होऊन आलेली सून फार चांगलं गाते असं कळलं. यंत्र सेलवर चालायचं. पहाटे ती जात्यावर बसली, सर दाराबाहेर थंडीत. पहिल्यांदा ती बुजली, मग यंत्राचा तिला विसर पडला आणि दळण संपेपर्यंत गात राहिली. नंतर पिठाचे हात झटकत बाहेर आली आणि म्हणाली, "आता माजं मला ऐकवा की."

"मी म्हटलं, सेल उतरतील, अजून दोन गावं करायची आहेत. पुढच्या खेपेला ऐकवतो," सर म्हणाले. "तर म्हणाली, एक काढायची हाय त्यातली. मला वाटलं लाजते आहे. म्हटलं, सगळ्या छान आहेत. ती वेशीपर्यंत मागं आली, मॅडम. सारखं तेच, एक काढायची हाय. मी म्हटलं, येतो, याच यंत्रावर ऐकवतो, मग काढू."

"आणि गेला नाहीत."

"पहिल्या वर्षी प्रबंध होता. दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षी गेलो नाही याची लाज होती. तिसऱ्या वर्षी कुठल्या तोंडानं जायचं? यंत्र हरवलं तेव्हा मला बरं वाटलं होतं."

मी विचारलं, ती कोणती ओवी काढा म्हणत होती. त्यांना माहीत नव्हतं. भावाच्या तेवढ्या उतरवून घेतल्या, दुसरा विषय सुरू झाला की फीत पुढे सरकवली. पदवी मिळाली. बाकीच्या ओव्या त्यांनी कधी ऐकल्याच नाहीत.

मग दुरुस्ती सुरू झाली. आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. तो सरांनी स्पिरिटच्या बोळ्यानं खरवडून काढला, माझे जुने टूथब्रश त्यात संपले. नवा पट्टा मिळेना. त्यांनी सायकलच्या ट्यूबची चकती कापून बसवली, तर वाया गेली तरी चालेल अशा एका फितीवरचा सरांचाच आवाज बैलगाडीत बसून बोलल्यासारखा हिंदकळू लागला. शेवटी कॅसेट प्लेअर दुरुस्त करणाऱ्या एकाकडे डब्यात पडलेले जुने पट्टे मिळाले. त्यातला एक बरोबर बसला, तेव्हा सरांनी त्या माणसाला नमस्कार केला. तो बिचारा संकोचून शटरच ओढायला लागला.

मंगळवेढ्याच्या फितीचे वेढे दमटपणानं एकमेकांना चिकटले होते. परदेशात अशा फिती मंद आचेच्या भट्टीत ठेवतात असं मी कुठंतरी वाचून सांगितलं. सर खिडकीबाहेर बघून म्हणाले, "मे महिना चालू आहे आणि तुम्ही मला भट्टी सांगता?" माझ्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या. त्यांच्या ओळीत एक स्टीलचा डबा, तोंडाला पांढरं फडकं बांधलेला, आणि शेजारी छत्री धरून बसलेले सर. कावळे हाकलायचं कामही त्यांनी घेतलं, त्या वर्षी माझी एक कुरडई गेली नाही. शेजारणीनं विचारलं, "सर, काय वाळत घातलंय?"

"मंगळवेढा," सर म्हणाले.

पावसाळा संपता संपता यंत्र चाललं. फीत लावली. आधी खरखर, मग विशी-पंचविशीतल्या सरांचा आवाज गाव, पहाट, थंडी, मागे कोंबडा असं सांगून गेला. मग जात्याची घरघर सुरू झाली, एका तरुण बाईनं गळा साफ केला, आणि सरांनी खटका दाबून यंत्र बंद केलं.

"पुढे?" मी म्हटलं.

"आधी तिनं ऐकायचं."

"सर, शेवटपर्यंत एकदा तपासून घेऊ या. मध्ये तुटली असली तर?"

"तुटली तर तिच्यासमोर तुटेल. मागं मी तिच्या आधी ऐकलं, तेही माझ्या सोयीचं तेवढं. आता नाही."

आयुष्यात मी प्रश्नपत्रिकासुद्धा स्वतः पुन्हा वाचल्याशिवाय वर्गात वाटली नाही. तेव्हा मात्र मला त्यांचं म्हणणं फार थोर वाटलं आणि मी गप्प बसले.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं त्या गावच्या शाळेतून चौकशी केली. बाई हयात होत्या. मुलगा शेती बघत होता, घर भरलेलं होतं. सरांचं म्हणणं होतं, आपण दोघंच जाऊ, स्वयंपाकघरात बसू, ऐकवू आणि येऊ. मी म्हटलं, इतक्या वर्षांनी जातो आहोत, घरच्यांनी, भावकीनं ऐकायला नको का? मुलाला फोन करून मी दिवस ठरवला, वेळ ठरवली, खुर्च्या सांगितल्या. त्यानं आनंदानं गणपती मंडळाचा मोठा स्पीकर आणून ठेवला. मी विशेष करून तुमच्यासाठी फोनवर चित्रण करायचं ठरवलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा शेतात ज्वारी हुरड्याला आलेली. अंगणात शामियाना. मुलगा सामोरा आला आणि एका बाजेवर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांकडे बोट दाखवून कौतुकानं मला सांगू लागला, "ही आमची आई आन ही आत्ती. नणंद-भावजया, पन एका ताटात जेवत्यात. आत्तीचं मालक बाजारावरनं येताना गाडी वढ्यात बुडून गेलं. मी तवा पाळण्यात हुतो. तवापासनं आत्ती हितंच. आईनं तिला परत सासरला एक रात्र बी जाऊ दिलं न्हाई."

त्या दोघी एकमेकींना वैनी आणि वन्सं म्हणत, मीही तसंच लिहिते. वैनी म्हणजे गाणाऱ्या बाई.

वैनींनी सरांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "आलात व्हय? बॅटऱ्या भरून आनल्या का?"

सर हात जोडून उभे राहिले.

"मी म्हटलं मास्तर मेला आसंल," वैनी म्हणाल्या. "बसा की. म्हातारं झालात."

सगळे हसले. मग वैनी जरा पुढे झुकून हळूच म्हणाल्या, "आत चला. चुलीपाशी लावू. काय काय म्हटलंय कुनास ठावं."

सर माझ्याकडे बघायला लागले. स्पीकरची वायर जोडून झाली होती, माणसं बसली होती. मी म्हटलं, "आत सगळे मावणार नाहीत, आजी." हे वाक्य मी अतिशय गोड आवाजात बोलले. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

फीत सुरू झाली. सरांचा तरुण आवाज आला, कोंबडा आरवला, पोरं हसली. मग जात्याच्या घरघरीवर ते गाणं. वैनी स्वतःचाच आवाज ऐकून तोंडाला पदर लावून बसल्या.

भरल्या बाजारात, फेटा दिसं लांबून
माझा गं बंधुराया, घेतो चोळी थांबून

म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या. आणखी काही ओव्या भावाच्या झाल्या, आईच्या झाल्या. वन्सं वैनींच्या मांडीवर थाप मारत होत्या. मी फोन धरून उभी होते, चित्र हलू नये म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत होते. मग जात्याची गती वाढली आणि आवाज बदलला, जरा दातांतून आल्यासारखा झाला.

नणंद मोजी घास, कुंकवाचा लई ताठा
सोपाना, तुझी गाडी, चुकू दे रं घरच्या वाटा

सोपान कोण हे मला कुणी सांगावं लागलं नाही. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या पुरुषांनी माना खाली घातल्या होत्या. मुलगा स्पीकरकडे असा बघत होता की त्यातून दुसरंच काही येईल अशी त्याला आशा असावी. वैनींची थाप खाणारी मांडी आखडली होती. नणंदेच्या नवऱ्याची गाडी घरी न येवो म्हणून रागाच्या भरात त्यांनी जात्यापाशी गाऱ्हाणं घातलं होतं, आणि गाडी खरोखरच आली नव्हती. त्यानंतरचं सगळं आयुष्य वैनी वन्संना आपल्या ताटातलं भरवत आल्या होत्या, आणि कशासाठी ते आजवर कुणाला ठाऊक नव्हतं.

"बंद करा," वैनी म्हणाल्या. "बंद करा की ते."

सरांनी बंद केलं. बोलल्या त्या वन्संच.

"माजं जातं सासरला हुतं, वैनी," त्या म्हणाल्या. "तितं मी बी तुज्यावर काय कमी म्हटलं न्हाय. माज्याकडं मास्तर आला न्हाय, येवडंच."

वैनी त्यांच्याकडे बघेनात. सरांना म्हणाल्या, "तवा सांगितलं हुतं. एक काढायची हाय म्हनून. वेशीपतूर आले हुते तुमच्या मागं."

"हो," सर म्हणाले.

"पुसता येतं का?"

"येतं."

"मग पुसा. हितंच. समद्यांम्होरं."

सरांनी आयुष्यात एक ओवी पुसली नव्हती. त्यांनी माइकची वायर काढली, फीत मागं घेतली आणि मुद्रणाचा खटका दाबला. चाकं फिरत राहिली. सगळं अंगण त्या आवाज नसलेल्या फितीकडे बघत बसलं होतं. मग सर माझ्याकडे वळले. "मॅडम, फोन." मी वैनींच्या समोर बसून चित्रण काढून टाकलं. मी व्यवस्थित बाई. पुसलेलं जिथं काही दिवस शिल्लक राहतं तिथूनही ते शोधून काढलं आणि त्यांना रिकामी जागा दाखवली.

सरांचे डबे आता कॉलेजनं नेले आहेत. कुणी ती फीत कधी लावली तर एके ठिकाणी काहीच येणार नाही. यंत्राचा दोष समजतील.

परतीच्या वाटेवर सर एवढंच म्हणाले, "त्या दिवशी सेल उतरले असते तर काय झालं असतं? दोन गावं राहिली असती." चुलीपाशी बसायला मी सरांना आणि वैनींना जाऊ दिलं असतं तर पुसून झाल्यावर दोघं चहा पिऊन उठले असते आणि अंगणाला कळलंही नसतं. हे सरांनाही माहीत होतं, पण ते मला एकदाही बोलले नाहीत. उलट मला घरी सोडताना दारातच थांबून म्हणाले, "मी फार मोठी चूक केली हो, मॅडम. आधी ऐकायला हवं होतं." माझा वाटा त्यांनी स्वतःकडे घेतला आणि मी तो त्यांना घेऊ दिला.

संक्रांतीनंतर आम्ही तिळगूळ घेऊन पुन्हा गेलो. निमित्त तिळगुळाचं, जायचं होतं माफी मागायला. यंत्र नेलं नव्हतं. वैनी मुलाबरोबर डोळे दाखवायला मंगळवेढ्याला गेल्या होत्या. वन्सं एकट्याच बाजेवर पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मीही बसून सोलायला लागले.

"यंत्र न्हाई आनलं?" त्यांनी विचारलं.

"नाही," सर म्हणाले.

"ती ववी सगळी पुसली? जरा बी न्हाई?"

"तुमच्यासमोरच पुसली."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. "बाई, तुमच्या फोनात?"

मी नाही म्हणून मान हलवली.

त्यांनी हातातली शेंग सोलून पूर्ण केली. मग म्हणाल्या, "मालकाचं नाव मी लग्नात घेतलं. सणावारी घेतलं. ते गेल्यावर मला कोन म्हननार नाव घे म्हनून? हितं गावात त्यास्नी समदी पावनं म्हनायची. ज्यांनी नावानं हाक मारली ती मानसं बी गेली आता. त्या दिशी कानावर आलं. ऐन जवानीतल्या वैनीच्या आवाजात." थोड्या वेळानं म्हणाल्या, "शिव्या दिल्या तर दिल्या की. पन हाक मारली ना तिनं."

आम्ही दोघं शिकलेली माणसं. एकीनं इंग्रजी शिकवलेलं, एकानं जन्मभर बायकांच्या ओव्या ऐकलेल्या. नवऱ्याचं नाव न घेण्याच्या चालीवर सरांचं एक अख्खं प्रकरण छापलेलं आहे. त्या दिवशी अंगणात दोन म्हाताऱ्या बाजेवर बसलेल्या असताना आम्ही एकीच्याच सांगण्यावरून पुसलं होतं, दुसरीला विचारलंही नव्हतं.

"तुमी म्हना की," वन्सं सरांना म्हणाल्या.

सरांनी घसा साफ केला. "सोपान."

"तसं न्हाई."

"सोपाना," सर म्हणाले.

"ती म्हंती तसं म्हना."

सरांना गाता येत नसे. कॉलेजच्या प्रार्थनेतही ते नुसते ओठ हलवायचे. त्यांनी डोळे मिटले आणि बसक्या, कापऱ्या आवाजात ती ओळ म्हटली, गाडी आणि घरच्या वाटेसकट. सूर कुठंच लागत नव्हता. वन्सं मान तिरकी करून ऐकत होत्या. ओळ संपल्यावरही त्या तशाच राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तुमास्नी राग न्हाई येत."

वेशीकडून मोटारसायकल आल्याचा आवाज आला. वन्संनी सोललेल्या दाण्यांवरून हात फिरवला. "वैनीला नगा सांगू. तिला वाटंल मी उकरून काढाया लागले."

वैनी मुलाच्या आधारानं उतरल्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. दुसऱ्या डोळ्यानं त्यांनी आम्हा तिघांना एकामागून एक बघितलं.

"काय झालं? काय म्हनत हुता?"

"काय न्हाई," वन्सं म्हणाल्या. "तिळगूळ घेऊन आल्यात. च्या टाक त्यास्नी."

वैनी भिंतीला हात लावत आत गेल्या. पाणी तापत ठेवल्याचा, डबे उघडल्याचा आवाज येत राहिला. सर स्वतःच्या चपलांकडे बघत होते. चहा आला तेव्हा वैनींनी कप माझ्या हातात दिला आणि साखर पुरे का म्हणून विचारलं. मी कपात बघूनच हो म्हटलं.